व्यंकटेश माडगूळकर : नागझिऱ्याचे माणदेशी पाहुणे

आपण गोंदियाकडच्या बायका पुण्या-मुंबईस कोणाच्या लग्नकार्यास गेलो आणि गाव विचारले गेले, म्हणजे पहिल्याने तांदळाची गोष्ट निघते, मग विड्यांची. परंतु बोलणारी व्यक्ती जुन्या वाचकांपैकी असली तर ती हटकून विचारते की, नागझिरा तुमच्याकडेच ना. पुष्कळदा तिने नागझिरा पाहिलेला नसतो. तेथले तळे, तेथली झाडे, तेथली जनावरे ही सारी तिच्या ओळखीची झालेली असतात ती एका लहानशा पुस्तकातून. ते पुस्तक लिहिणारे कै. व्यंकटेश दिगंबर माडगूळकर यांना जाऊन आता दोन तपे होत आली. ते आपल्या भागातले नव्हेत. महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाचे. तरीही आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत त्यांचे चरित्र यावे असे मला वाटले, त्याला कारण घडले ते यंदाच्या आपल्या निबंधस्पर्धेचे.

विषय निसर्गाचा होता, हे भगिनींना आठवत असेलच. आलेले निबंध मी वाचले. भाषा चांगली, अक्षर त्याहून चांगले. परंतु बहुतेकींच्या निबंधात सूर्य सागरातून वर येत होता आणि पर्वतांच्या शिखरांवर बर्फ चमकत होते! आपल्यापैकी किती जणींनी समुद्र पाहिला आहे? उलट पहाटे चार वाजता टोपली घेऊन मोहाखाली गेलेल्या, वैशाखाच्या उन्हात तेंदूची पाने खुडून त्यांचे पुडे बांधलेल्या, धुऱ्यावर बसून रानडुकरांच्या वाटेकडे डोळे लावलेल्या भगिनी आपल्यांत पुष्कळ आहेत. त्यांच्या निबंधांत मोह नव्हता, तेंदू नव्हता, डुक्कर तर नव्हतेच. ते लिहिण्याजोगे आहे असे कोणी त्यांना सांगितलेच नाही. व्यंकटेशरावांनाही विशीच्या आत ते कोणी सांगितले नव्हते. मग एका स्पर्धेने सांगितले. ती हकीकत आधी सांगते.

त्यांचा जन्म १९२७ सालचा, माडगुळे या गावचा. हे गाव आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. त्या काळी तो मुलूख औंध संस्थानात होता. माण नदीच्या आसपासचा म्हणून तो माणदेश. सातारा, सांगली आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या सांध्यावरचा हा प्रदेश अवर्षणाबद्दल प्रसिद्ध. आपल्याकडे पावसाळ्यात पन्नास इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि तरी रोवणीच्या वेळी आपण आभाळाकडे पाहत बसतो. माणदेशात वीस इंचही धड पडत नाही. आपल्याकडे बोड्या, तलाव, आणि नजर जाईल तिकडे झाडी, म्हणून तर आपला मुलूख झाडीपट्टी. तिकडे मैलोगणती माळ, त्यावर बाभळ, बोर आणि तरवड, आणि मेंढरांचे कळप घेऊन पाण्याच्या शोधात हिंडणारे धनगर. असल्या उघड्या माळावर जे काही जिवंत हलते ते लांबूनही दिसते. ससा, तितर, खोकड, लांडगा, कोणीही लपून राहू शकत नाही. मुलाचे डोळे तयार व्हावयास याहून चांगली शाळा कोणती असणार?

वडील दिगंबरपंत औंध संस्थानात कारकून. संसार मोठा, पगार तुटपुंजा. थोरले बंधू म्हणजे आपणां सर्वांना गीतरामायणामुळे घरच्यासारखे असलेले कै. ग. दि. माडगूळकर. आठ वर्षांनी मोठा असलेला, चित्रपटांत आणि काव्यात नाव काढलेला भाऊ घरात असणे हे धाकट्याला आधाराचेही असते आणि अवघडही असते. लोक आधी अमक्याचा धाकटा म्हणून ओळखतात. एकाच आडनावाची, एकाच चुलीवर वाढलेली दोन माणसे दोन निराळ्या वाटांनी इतक्या उंचीवर जावीत ही मराठी वाङ्मयातील मोठी नवलाची गोष्ट आहे. थोरल्याने शब्दांना ताल आणि अलंकार दिले. धाकट्याने ते एकेक करून उतरवून ठेवले. घरची व स्नेह्यांची मंडळी थोरल्यांना अण्णा आणि धाकट्यांना तात्या म्हणत.

तात्यांचे शिक्षण मात्र असे-तसेच झाले. माडगुळे, दिघंची, कुंडल अशा गावांत शाळा झाली. कोवळ्या वयातच निंबवडे या गावी त्यांनी मास्तरकी केली. पुढे बेचाळीसच्या चळवळीने त्या भागातील तरुणांना ओढून घेतले, तसे त्यांनाही ओढले. सुमारे दोन वर्षे ते भूमिगत होते. त्या दिवसांवर त्यांनी उतारवयाकडे झुकल्यावर कोवळे दिवस नावाची कादंबरी लिहिली. चळवळ ओसरल्यावर हाती काय? मॅट्रिक नाही, नोकरी नाही, जमीन असून नसल्यासारखी. चित्रकलेचा नाद होता म्हणून कोल्हापुरास जाऊन चित्रे शिकण्याचा उद्योग केला. इंग्रजी येत नव्हते ते आपले आपण शिकले. कोणी परीक्षा घेणार नव्हते, शिक्षक नव्हते. इंग्रजी पुस्तके वाचावयाची आहेत एवढ्यासाठी शिकले. आणि वाचली कोणाची, तर अमेरिकेतील जॉन स्टाइनबेक आणि आयर्लंडातील लियम ओ'फ्लाहर्टी यांची. हा दुसरा लेखक अटलांटिक समुद्रातल्या एका उजाड खडकाळ बेटावर वाढलेला. त्याने गाई, पक्षी, मासे यांच्या गोष्टी लिहिल्या आहेत, आणि त्या गोष्टींत जनावर हे जनावरच राहते. माणदेशच्या मुलाला ते बेट परके वाटले नसावे.

याच सुमारास बडोद्याहून अभिरुचि नावाचे मासिक निघत असे. महाराष्ट्रापासून दूर असूनही त्या काळच्या नव्या लेखकांचे ते हक्काचे घर झाले होते; पु. ल. देशपांडे यांचे आरंभीचे लेखन त्यात आले, मर्ढेकरांच्या कवितेला त्याने जागा दिली. या मासिकाने कथास्पर्धा जाहीर केली आणि विशीच्या उंबरठ्यावरील व्यंकटेशरावांनी एक कथा पाठविली. कथेचे नाव काळ्या तोंडाची. कथा एका कुत्रीची होती. तिला पारितोषिक मिळाले.

नावाकडे क्षणभर पाहावे असे मला वाटते. काळ्या तोंडाची ही आपल्याकडे शिवी आहे, आणि ती कुत्रीला कमी व बाईला अधिक दिली जाते. भर रस्त्यात, नळावर, सासरी, ज्या तोंडांनी ती उच्चारली जाते ती आपण सर्वांनी ऐकली आहेत. पोराबाळांनी दगड मारावेत, बायांनी लाकूड फेकावे, तिच्याकडे पाहण्यासारखे काही आहे असे कोणास वाटू नये, असे ते गावकुत्रीचे जिणे. तिच्यावर कथा लिहिणे हेच त्या काळी धाडसाचे होते. आपल्या भाषेत जनावरे होती, नाही असे नाही. पंचतंत्रात होती, इसापनीतीच्या मराठी पुस्तकात होती; पण ती सगळी माणसासारखी बोलत आणि शेवटी आपल्याला शहाणपण शिकवून जात. कोल्हा लबाड, सिंह राजा, गाढव मूर्ख, असा प्रत्येकाचा वाटा ठरलेला. ज्या मुलाने माळावर प्रत्यक्ष कोल्हा पाहिला होता त्याला तो लबाड वगैरे काही दिसला नव्हता. भुकेलेला दिसला होता.

पारितोषिकाची रक्कम किती हे महत्त्वाचे नव्हे. बडोद्याच्या, आपल्याला कधी न पाहिलेल्या, शिकल्यासवरल्या माणसांनी ती गोष्ट वाचली आणि बाजूला काढून ठेवली, ही त्यातील खरी प्राप्ती. मॅट्रिकसुद्धा न झालेल्या मुलाचे जे काही भांडवल होते, म्हणजे माळ, मेंढरे, उपाशी माणसे आणि त्यांच्या पायांत घोटाळणारी कुत्री, त्या सगळ्याला बाजारात भाव आहे असे त्याला पहिल्यांदा कळले. चित्रकार व्हावे की लेखक, हा प्रश्न बहुधा तेथेच सुटला असावा. चित्रकला मात्र त्यांनी सोडली नाही. ते जन्मभर रेखाटने करीत राहिले, आणि त्यांच्या गद्यातही चित्रकाराचीच सवय दिसते: चार रेषा ओढावयाच्या, पाचवी ओढावयाची नाही.

त्यानंतर पुस्तके भराभर आली. माणदेशी माणसं १९४९ साली प्रसिद्ध झाले. गावाकडल्या गोष्टी त्यापाठोपाठ आले. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, पु. भा. भावे आणि व्यंकटेश माडगूळकर ही चार नावे नवकथेचे शिल्पकार म्हणून एका दमात घेतली जाऊ लागली. १९५० च्या सुमारास ते मुंबईस गेले, चित्रपटांच्या कथा-संवादांची कामे केली. ही मिळकत बरी होती. त्यातच राहिले असते तर आज त्यांचे नाव जुन्या चित्रपटांच्या श्रेयनामावलीत शोधावे लागले असते. पण १९५५ साली पुण्याच्या आकाशवाणी केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम विभागात त्यांना काम मिळाले आणि मुंबई सुटली. नोकरीचे बंधन अनेक लेखकांना मारते. यांना मात्र ते मानवले असे दिसते.

त्याच १९५५ साली बनगरवाडी ही कादंबरी पुस्तकरूपाने आली. पारितोषिकाच्या कथेपासून पहिल्या मोठ्या कादंबरीपर्यंत आठ-नऊ वर्षे गेली होती. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवावयास येतो, वाडीचा विश्वास हळूहळू मिळवितो, आणि शेवटी दुष्काळ पडून ती वाडीच रिकामी होते, एवढीच तिची गोष्ट. तिच्यात खलपुरुष नाही, प्रेमकथेचा पसारा नाही. न आलेला पाऊस हेच तिच्यातील मुख्य पात्र आहे असे म्हटले तरी चालेल. निसर्ग म्हणजे मागे टांगलेला पडदा, त्यापुढे माणसांचे नाटक, अशी आपली कल्पना असते. बनगरवाडीत पडदाच पुढे येतो आणि माणसांना उचलून नेतो. इंग्रजीत तिचे भाषांतर झाले, आणि १९९५ साली अमोल पालेकर यांनी तिच्यावर चित्रपट केला.

मधल्या वर्षांतील पुष्कळ गोष्टी मी येथे सोडून देते. आकाशवाणीची तीस वर्षांच्या आसपासची नोकरी, ऑस्ट्रेलियाचा प्रवास व त्यावरील पुस्तक, वावटळ ही गांधीवधानंतरच्या जाळपोळीवरील कादंबरी, नाटके. पती गेले गं काठेवाडी हे त्यांचेच, हे ते नाटक पाहून पोट धरून हसलेल्या पुष्कळांना ठाऊक नसते.

एक गोष्ट मात्र सोडता येत नाही. व्यंकटेशराव पुष्कळ वर्षे हौशी शिकारी होते. बंदूक खांद्यावर टाकून मित्रांबरोबर रानोमाळ हिंडणे हा त्यांचा आवडता छंद होता. कुत्रीवर माया करून कथा लिहिणारा मनुष्य ससे-हरणे मारीत हिंडतो हे आपल्याला विसंगत वाटेल. परंतु त्या पिढीतील रानावर प्रेम करणारे बहुतेक सर्व लोक आधी शिकारीच होते; जिम कॉर्बेटही होता. शिकाऱ्याला माग काढावा लागतो, वारा ओळखावा लागतो, तासन् तास न हलता बसावे लागते. पुढे त्यांनी बंदूक ठेवून दिली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वांच्याच बंदुका खाली ठेवविल्या, ही गोष्ट वेगळी. यांच्या बाबतीत मात्र मनच पालटले होते. मारण्यासाठी जे पाहणे होते ते नुसत्या पाहण्यासाठी राहिले. हातात वही आणि पेन्सिल आली.

आणि हा मनुष्य नागझिऱ्यास आला.

त्या वेळी आपला जिल्हा भंडारा होता; गोंदिया जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. नागझिरा १९७० साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले होते. क्षेत्र जेमतेम १५३ चौरस किलोमीटर, म्हणजे मोठ्या अरण्यांच्या मानाने लहानच. पण साग, ऐन, बिजा, धावडा, हळदू, मोह, तेंदू आणि बांबू यांचे मिश्र रान, टेकड्या, त्यांच्यामधील झरे, मध्ये तळे, आणि वाघ, बिबळे, अस्वले, गवे, सांबरे, चितळे, चौशिंगे, रानकुत्री, वानरे असा भरलेला संसार. पलीकडे नवेगावबांध, जेथे १९७५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि जेथे मारुती चितमपल्ली यांनी वनाधिकारी म्हणून पुष्कळ वर्षे काढली. वनवासी लोकांकडून पक्ष्यांची व झाडांची नावे गोळा करून मराठीत आणणारे चितमपल्ली २०२५ च्या जून महिन्यात गेले. नवेगाव आणि नागझिरा ही दोन्ही मिळून २०१३ साली व्याघ्र प्रकल्प झाला. एका जिल्ह्यातील दोन रानांना असे दोन लेखक मिळावेत हे आपले भाग्य. त्या भाग्याची वार्ता आपल्याच शाळांतील मुलींना पुरेशी नाही असे मला नेहमी वाटते.

माडगूळकर काही दिवस रानात एकट्याने राहिले आणि त्या राहण्यावर त्यांनी नागझिरा हे पुस्तक लिहिले. ते सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आले. त्या पुस्तकात काही घडत नाही, अशी तक्रार आमच्या एका शेजारीणबाईंनी ते परत करताना केली होती. तक्रार खोटी नाही. झेप घेणारा वाघ, थरारून सोडणारा प्रसंग असे काही शोधावयास गेले तर हात रिकामे राहतात. पन्नाशीतला एक गृहस्थ घरदार, कचेरी, सभा-समारंभ मागे टाकून येतो, पायी हिंडतो, बसतो, पाहतो, लिहितो. जनावर दिसले तर दिसले, नाही तर त्याचा माग दिसतो, विष्ठा दिसते, आवाज येतो. रानात जाण्याच्या त्यांच्या या रीतीत आणि आज जिप्सीत बसून वाघ दिसला नाही म्हणून वाटाड्यावर रागावणाऱ्या पाहुण्यांच्या रीतीत केवढे अंतर आहे! आपण रानाच्या शेजारी राहतो, तरी आपल्यापैकी कितीजणी नुसते बसावयास म्हणून रानात गेलो आहोत? आपण गेलो ते काही आणावयास. सरपण, मोहफुले, चारोळी, कुडवाची पाने. त्यात कमीपणा नाही, पोट आहे. आणि मी तर म्हणेन की, फुले वेचणाऱ्या बाईला त्या झाडाबद्दल जे ठाऊक असते ते पाहुण्यास महिनाभर राहूनही कळणार नाही. मोहाखाली अस्वल केव्हा येते, त्याच्या आधी कसे पोहोचावयाचे आणि आलेच तर टोपली टाकून कोणत्या बाजूने निघावयाचे, हे ज्ञान तिच्या आईने तिला दिलेले असते. फरक एवढाच की पाहुण्याने वही नेली होती.

ही मराठी फार साधी आहे. वाक्ये आखूड. उपमा असली तर घरातील, शेतातील. संस्कृत शब्दांची आरास नाही. ज्या झाडाला जे नाव त्या नावाने ते येते. नुसता वृक्ष म्हणून येत नाही. निसर्गावर लिहिताना आपली लेखणी उगाचच सणाच्या दिवसासारखी नटते, हा आपल्या सर्वांचा दोष आहे, आणि तो जावा म्हणून मी यंदाच्या निबंधलेखिकांना हे पुस्तक आग्रहाने वाचावयास सांगते. माळावरून आलेल्या माणसाला आपली झाडी दाट व अनोळखी वाटली असणार. म्हणूनच ती त्याने डोळे उघडून पाहिली. आपण तिच्यात जन्मलो म्हणून आपल्याला ती दिसेनाशी झाली.

पुढचे मानसन्मान थोडक्यात सांगते. १९८२ साली सत्तांतर ही कादंबरी आली आणि १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. त्याच वर्षी अंबाजोगाई येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. बडोद्याच्या एका मासिकाने ज्याला पारितोषिक दिले होते तो मुलगा आता साहित्याच्या सर्वोच्च आसनावर बसला होता, आणि योगायोग असा की राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तोही बनगरवाडीस नव्हे, माणसांच्या कोणत्याच पुस्तकास नव्हे. पुन्हा जनावरांच्याच गोष्टीस. मधली पस्तीस-छत्तीस वर्षे गाळून टाकली तर काळ्या तोंडाच्या कुत्रीपासून काळ्या तोंडाच्या वानरांपर्यंत सरळ रेघ ओढता येते. ऑगस्ट २००१ मध्ये पुण्यास त्यांचे निधन झाले.

सत्तांतरविषयी सविस्तर बोलणे मी मुद्दाम शेवटासाठी राखले होते, कारण हे पुस्तक आपल्यासारख्या बायकांच्या मंडळात वाचले गेले तर त्याच्यावर भांडण होणार, आणि झाले पाहिजे.

कादंबरी वानरांच्या टोळीची आहे. आपली ओळखीची वानरे. लांब शेपटीची, काळ्या तोंडाची, जी आपल्या कौलांची आणि तुरीच्या पिकाची धूळधाण करतात आणि शनिवारी ज्यांना आपण नमस्कार करतो. त्यांच्या टोळीत माद्या पुष्कळ आणि पुष्कळदा मोठा नर एकच. बाकीचे तरुण नर टोळीबाहेर हिंडत असतात आणि एखादे दिवशी येऊन म्होरक्यावर हल्ला करतात. तो हरला की टोळी नव्याची. आणि मग कित्येकदा असे होते की, हा नवा म्होरक्या माद्यांच्या कडेवरील तान्ह्या पिलांना मारू लागतो. पिलू गेले की आई लवकर माजावर येते आणि मग त्याची पिले जन्मतात. कादंबरीचे नाव या बदलावरून आले आहे.

हे लेखकाच्या कल्पनेतून निघालेले क्रौर्य नव्हे. सुगियामा नावाच्या जपानी शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत धारवाडजवळ वानरांवर नजर ठेवली, तेव्हा हा प्रकार त्यांना आढळला. त्याआधी फिलिस जे या अमेरिकन बाईंनी उत्तर प्रदेशात आणि आपल्यापासून फार दूर नसलेल्या बस्तरात वानरे अभ्यासली होती. त्यांना टोळ्या शांत दिसल्या, आणि त्यांनी नोंदले ते निराळेच. नुकत्या जन्मलेल्या, काळसर अंगाच्या व गुलाबी तोंडाच्या पिलाला टोळीतील सगळ्या माद्या हातोहात घेतात, आईच्या मांडीवरून मावशीच्या मांडीवर ते दिवसभर फिरत असते. अगदी आपल्या वाड्यातील बारशासारखे! पुढे सारा हर्डी या दुसऱ्या अमेरिकन बाई अबूच्या पहाडावर वर्षानुवर्षे येत राहिल्या आणि १९७७ साली त्यांचा ग्रंथ निघाला. त्यांनी दाखविले की, माद्या मुकाट्याने सोसत नाहीत. त्या एकत्र येऊन नव्या नरावर तुटून पडतात, म्हाताऱ्या माद्या, ज्यांना स्वतःचे पिलू उरलेले नसते त्यासुद्धा, दुसरीच्या पिलासाठी जीव धोक्यात घालतात. कधी आई पिलू घेऊन टोळीपासून दूर राहते. पुष्कळदा हरतात. पण लढतात. शास्त्रज्ञांत यावर पुष्कळ वर्षे वाद झाला. हे वागणे रोगट आहे, गर्दीमुळे आहे, असे म्हणणारे होते. आज बहुतेकांनी हर्डीबाईंचे म्हणणे मान्य केले आहे.

माडगूळकरांनी ही सारी उलथापालथ कोणाचीही बाजू न घेता सांगितली आहे, आणि येथेच वाचणारी बाई अडखळते. मी अडखळले. पिलू मारले जाते आणि लेखक पुढच्या वाक्याला जातो. ना एक उसासा, ना धिक्कार. पहिल्या वाचनात मला हा मनुष्य निर्दय वाटला होता. राजकारणातील सत्तापालटावरचे हे रूपक आहे असे सांगून पुष्कळ समीक्षक मोकळे होतात. तसे वाचले की त्रास कमी होतो, कारण मग ते पिलू खरे राहत नाही. माझ्या मते ते पिलू खरे आहे म्हणूनच पुस्तक वाचवत नाही आणि टाकवतही नाही. रानाला आपण देव्हारा समजतो, नाही तर सहलीची जागा समजतो. तेथे आई आहे, मावशी आहे, आणि रात्र पडली की कोण टोळीवर चालून येईल याचा नेम नाही, हे सांगणारा माणूस गोड बोलणारा असून चालले नसते. तरीही आमच्या शेजारीणबाई म्हणतात की, लेखकाने एका ओळीत तरी त्या आईजवळ थांबावयास हवे होते. त्यांचे चुकले असे मला म्हणवत नाही.

मंडळाच्या पेटीत नागझिरा आणि सत्तांतर दोन्ही आहेत. सत्तांतर ज्यांना न्यावयाचे असेल त्यांनी लहान मुले झोपल्यानंतर हाती घ्यावे, आणि वाचून झाल्यावर भांडावयास महिन्याच्या सभेला यावे.